हात लावून पाहा
(सृष्टीच्या काळासाठी अभ्यासपाठ)

वाचन : उत्पत्ती २:४-१५, लूक १३:६-९, योहान २०:११-२९



दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळते. १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कॅथलिक ख्रिस्तसभेसाठी सुरू केला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली या संताला पर्यावरणाचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. या दिवसांत आपणही प्रार्थना करतो, भित्तिपत्रके लावतो आणि दोन-चार रोपे लावतो. पण चर्चच्या आवारात येणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळते? आपल्या मुलांना काय मिळते? या प्रश्नाचा विचार आजच्या पाठात करायचा आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो.

१. एका रोपाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी स्वतः कडुलिंबाचे एक रोप लावले. प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याची काडी झाली. मी उन्हाला दोष दिला. आपल्या शिरपूरचा एप्रिल-मे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे माझे म्हणणे सगळ्यांना पटले.

एका रविवारी मिस्सानंतर सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या एक आजी त्या काडीपाशी थांबल्या. त्यांनी बोटांनी माती उकरली आणि काडी अलगद वर ओढली. खाली काळे प्लास्टिक होते. “मास्तर, पिशवी तशीच राहिली,” एवढेच त्या म्हणाल्या. मुळे पिशवीतच गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती. बाहेरच्या मातीशी त्यांची भेटच झाली नव्हती.

आजी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मला खाली बसवले आणि दाखवले. पिशवी बाजूने कशी चिरायची, गुंतलेली मुळे बोटांनी कशी मोकळी करायची, खड्डा भरल्यावर माती पायाने हलके कशी दाबायची, आणि उताराच्या बाजूला मातीचा बांध घालून आळे कसे करायचे, म्हणजे वरून येणारे पाणी तिथे थांबेल. हे सारे पाच मिनिटांत झाले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी वर्षानुवर्षे सृष्टीवर बोलत होतो आणि त्या माझ्या वर्गाच्या दाराबाहेर बसत होत्या. त्यांना काही विचारावे असे मला कधी सुचले नव्हते.

त्या दिवशी मला दोन गोष्टी समजल्या. पहिली, झाडांबद्दल हजार शब्द सांगण्यापेक्षा एकदा हात मातीत घातलेला बरा. दुसरी, शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे आपण फार घाईने ठरवून टाकतो.

२. पवित्र शास्त्र काय दाखवते?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव जमिनीतल्या मातीपासून माणूस घडवतो, स्वतः बाग लावतो आणि माणसाला त्या बागेत ठेवतो. कशासाठी? तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. माणसाला मिळालेले हे पहिले काम आहे, आणि ते हातांचे काम आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपण पश्चात्तापाचा दाखला म्हणून ऐकतो. त्यातल्या माळ्याकडे थोडे लक्ष द्या. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो आणि त्या वर्षात काय करणार तेही सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. त्याची दया म्हणजे कुदळ आणि शेणखत. नुसती हळहळ त्या झाडाला वाचवू शकली नसती.

प्रभू येशूची शिकवण्याची पद्धतही अशीच होती. पेरणारा, मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, मीठ, रानातली फुले. लोकांच्या रोजच्या हातातली वस्तू तो पुढे करी. आंधळ्याला दृष्टी देतानाही त्याने मातीचा चिखल केला. पुनरुत्थानानंतर बागेत मरिया मग्दालियाला तो प्रथम माळी वाटला, आणि शंका घेणाऱ्या थोमाला त्याने भाषण दिले नाही, तर जखमांना हात लावायला बोलावले. श्रद्धेच्या बाबतीत ज्याने हाताला एवढा मान दिला, त्याच्या शिष्यांनी सृष्टीचा धडा फक्त फलकावर लिहून कसे चालेल?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. त्याचा शेवटचा, म्हणजे सहावा अध्याय शिक्षणावर आणि आध्यात्मिकतेवर आहे. नुसती माहिती आणि कायदे माणसाच्या सवयी बदलायला पुरत नाहीत, रोजच्या लहान कृतींनीच मन घडते, असे त्यांचे तेथे सांगणे आहे. प्लास्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, झाड लावणे अशी साधी उदाहरणे त्यांनी दिली. पुढे रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फो येथील पोपच्या उन्हाळी निवासाच्या बागा आणि शेतजमिनीवर, सुमारे ५५ हेक्टर क्षेत्रात, ‘बोर्गो लाउदातो सी’ हे शिक्षणकेंद्र उभे राहिले. पोप लिओ चौदावे यांनी ५ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन केले. पाहुण्यांनी बाग बघावी आणि हातांनी काम करता करता शिकावे, असा त्यामागचा विचार आहे.

३. आपल्याच जिल्ह्यातला धडा : बारीपाडा

त्यासाठी रोमला जायला नको. आपल्या धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते आणि पाणी आटले होते. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःवरच नियम घालून घेतले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, राखणदार नेमले गेले, श्रमदानाने चर आणि बंधारे झाले. आज गावाने राखलेले जंगल ४०० हेक्टरांहून अधिक आहे. या कामासाठी श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बारीपाड्याची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २००४ पासून तिथे पावसाळ्यात रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या स्त्रिया रानातून भाज्या आणतात, शिजवतात आणि मांडतात. पाहुणे रांगेने फिरतात, पाहतात, विचारतात, चाखतात. ही कोणती वेल, कुठे उगवते, कोणता भाग खायचा, तिची खाज किंवा कडूपणा कसा काढायचा, हे सांगणारी त्या ताटामागची बाई असते. व्यासपीठावरचा तज्ज्ञही तिथे ताटापुढे उभा राहून शिकतो. ‘जंगल वाचवा’ हे वाक्य शहरातल्या माणसाने शंभरदा ऐकलेले असते. पण जंगलाची चव जिभेवर आली, की ते कोणाचे अन्न आहे हे त्याला उमगते. आणि पाहुणे आपल्या आईच्या भाजीची वाखाणणी करताना दिसले, की पाड्यावरच्या मुलांना त्या ज्ञानाची लाज वाटेनाशी होते.

बंधुभगिनींनो, यात आपले काय पणाला लागले आहे ते पाहा. आपल्याकडेही पावरा आणि भिल्ल कुटुंबे उपासनेला येतात. त्यांच्या आजींना माहीत असलेली वनस्पती नातीला ओळखता येत नाही. नात शाळेत जाते, हे चांगलेच आहे. पण आजी गेली की ती पोथी कायमची मिटणार, आणि ती कुठल्याही छापखान्यात पुन्हा मिळणार नाही.

४. पाणी आणि झाड : एकाच कामाच्या दोन बाजू

शिरपूरचे नाव बाहेर निघाले ते ‘शिरपूर पॅटर्न’मुळे. भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक श्री. सुरेश खानापूरकर यांनी आमदार श्री. अमरीशभाई पटेल यांच्या पाठिंब्याने २००४ पासून तालुक्यात हे काम उभे केले. नाले रुंद व खोल करायचे आणि त्यांवर दारे व सांडवा नसलेले सिमेंटचे बंधारे बांधायचे, अशी ही पद्धत. तापीच्या गाळाच्या जमिनीत खाली पिवळ्या मातीचे जाड थर आहेत. त्यांतून पाणी सहज मुरत नाही, म्हणून ते थर ओलांडून पाणी खाली पोहोचवण्याचा हा प्रयत्न होता. दूरदूरचे लोक हे बंधारे पाहायला आले. नाले किती खोल करावेत, सगळ्या प्रकारच्या खडकांत हे चालेल का, याबद्दल जाणकारांत मतभेदही आहेत, आणि तेही आपण ऐकले पाहिजेत.

पण एक गोष्ट सर्वांनाच मान्य होईल. डोंगर उघडा राहिला तर त्यावरची माती वाहून खाली येते आणि बंधारा गाळाने भरतो. म्हणून पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, असे सांगतात. हे सूत्र महाराष्ट्रातल्या अनेक गावांपर्यंत नेणाऱ्यांमध्ये एक कॅथलिक धर्मगुरू होते, याचा आपल्याला अभिमान वाटावा. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आयुष्यातली अनेक वर्षे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत घालवली. १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने आकाराला आला आणि १९९३ साली श्री. क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. या कार्यक्रमात येऊ इच्छिणाऱ्या गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची असे. काम झालेली गावे शेतकऱ्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवली जात. दुसऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीत वाकून पाहिल्यावर जो विश्वास बसतो, तो व्याख्यानाने बसत नाही.

शिरपुरातले आपण आणि सातपुड्यावरचे आपले बांधव एकाच पाणलोटात राहतो. वरचे झाड आणि खालची विहीर यांचे हे नाते पाहुण्यांना कसे दाखवायचे?

५. पाहुणे कधी येतात?

आपल्याकडे सर्वाधिक पाहुणे नाताळात येतात. शेजारपाजारची हिंदू, मुस्लिम, जैन कुटुंबे मुलाबाळांना घेऊन गव्हाणी पाहायला येतात, दोन मिनिटे थांबतात, फोटो काढतात आणि जातात. या वर्षी गव्हाणीजवळ एक लांब टेबल मांडावे आणि त्यावर पुढील चार प्रात्यक्षिके ठेवावीत, अशी सूचना आहे.

(अ) तीन बाटल्या. दोन लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापा. तिन्हींत सारखीच माती, सारख्याच उंचीपर्यंत भरा. पहिलीतली माती उघडी ठेवा. दुसरीत वाळलेला पाला पसरा. तिसरीत गहू किंवा मेथी दाट पेरा. १४-१५ डिसेंबरच्या सुमारास पेरले तर नाताळच्या आदल्या दिवशी हिरवेगार होईल. गव्हाणीसाठी काही घरांत धान्य उगवतातच, तेच हे. बाटल्यांखाली फळी ठेवून तिन्हींना सारखा उतार द्या आणि प्रत्येक तोंडाखाली काचेचा पेला ठेवा. आता तळाला भोके पाडलेल्या डब्यातून प्रत्येकीवर एक-एक तांब्या पाणी पाहुण्यालाच ओतू द्या. ओतण्याआधी विचारा, “सर्वांत गढूळ पाणी कुठल्या पेल्यात येईल?” उत्तर ऐका, मग ओतू द्या.

उघड्या मातीतून पाणी लवकर आणि गढूळ येते, कारण थेंबांच्या माराने मातीचे कण सुटतात आणि वरची छिद्रे बुजतात. पाला तो मार स्वतःवर घेतो. मुळे मातीला धरून ठेवतात आणि पाण्याला आत जायला वाट करून देतात. पावसाळ्यात अरुणावतीला येणारे लाल पाणी कुठून येते हे त्या पेल्याकडे पाहून लहान मूलही सांगेल. माती, उतार आणि पाणी तिन्हींकडे सारखेच ठेवा. तसे नसेल तर ती तुलना खोटी ठरते, आणि देवाच्या अंगणात खोटी तुलना नको.

(आ) मडके. रंग न दिलेले, मातीचे साधे मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकण ठेवावे. भोवतीची माती सुकेल तसे पाणी झिरपते. आदल्या दिवशी भरून ठेवा आणि पाहुण्यांना मडक्याजवळची माती व दूरची माती दोन्ही चिमटीत धरून पाहू द्या. उन्हाळ्यात रोप का जगते हे चिमूटच सांगेल.

(इ) वेदीवरची फुले. दर आठवड्याला वेदीवरची फुले उतरतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचरागाडीत देण्याऐवजी खतात घालू या. सुकलेल्या पाल्याचे दोन-तीन भाग आणि फुले, भाजीची देठे असा ओला एक भाग, असे थर द्यावेत. केळीचे खांब आपल्याकडे भरपूर, पण ते बारीक चिरूनच घालावेत. फिती, थर्माकोल, तारा आधी काढाव्यात. पाहुण्याला अर्धे झालेले खत मुठीत दाबायला सांगा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. उग्र वास आला तर सुका पाला वाढवावा. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या पुढे राखेच्या बुधवारी राख होऊन आपल्या कपाळावर येतात, हे आपल्याला परिचयाचे आहे. वेदीवरचे फूल मातीत परतून पुन्हा फुलाला जन्म देते, हेही तितकेच पवित्र दृश्य आहे.

(ई) आजींचे ताट. हे प्रात्यक्षिक नाताळात नको, पावसाळ्यात हवे, कारण तरोटा, कुर्डू, कर्टुली, केना त्याच दिवसांत मिळतात. पुढच्या पावसाळ्यातील एका रविवारी पाड्यांवरच्या माता-भगिनींना बोलावून, त्यांना प्रवासखर्च व सामानाचे पैसे देऊन, आपण त्यांचे विद्यार्थी व्हावे. एक नियम पक्का : ओळखणाऱ्याने सांगितल्याशिवाय कोणतीही रानभाजी तोंडात घालायची नाही. काही भाज्या नीट शिजवल्या नाहीत तर घसा खाजतो, आणि काही चांगल्या भाज्यांसारखी दिसणारी झुडपे विषारी असतात.

६. टेबलामागे उभे राहणाऱ्यांसाठी

• आधी विचारा, मग दाखवा, शेवटी सांगा. सांगणे दोन-तीन वाक्यांत संपावे.
• पाहुण्याचा हात ओला किंवा मातीचा झालाच पाहिजे. जवळ बादली व टॉवेल ठेवा.
• एका माणसाने एकच प्रात्यक्षिक करावे. युवकांनी मुलांना मदतीला घ्यावे.
• शेतकरी पाहुणा आला तर त्याला शिकवू नका, त्याला विचारा. कापूस आणि केळी लावणाऱ्याला मातीबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळते.
• पाहुण्याला रोप द्यायचे असेल तर त्याच्यासमोर एका रोपाची पिशवी चिरून लावून दाखवा. रोपासोबत धर्माचे पत्रक देऊ नका. शेजारी आपल्याकडे विश्वासाने आला आहे. आपण त्याला हातांनी काही दिले आणि त्याच्याकडून काही शिकलो, एवढी साक्ष पुरेशी आहे.
• मेलेले रोप लपवू नका. माझी ती काडी मी अजून ठेवली आहे. तिच्याभोवती ती काळी पिशवीही आहे. ती टेबलावर ठेवणार आहे. यश पाहून लोक टाळ्या वाजवतात, पण चूक पाहून ते आपली चूक सांगतात आणि मग खरे बोलणे सुरू होते.

आपल्या चार टेबलांनी तापीचे खोरे हिरवे होणार नाही, हे मान्य आहे. पण त्या माळ्याने तरी काय मागितले होते? एक झाड, एक वर्ष आणि खणण्याची परवानगी. तेवढे आपल्याकडे आहे.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न (कुटुंबात किंवा लघु ख्रिस्ती समूहात)

१. गेल्या पाच वर्षांत आपण लावलेल्या रोपांपैकी किती जगली? जी मेली ती का मेली?
२. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना माहीत असलेली, पण मुलांना माहीत नसलेली एक वनस्पती कोणती?
३. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्या कोणाकडून आपण अजून काहीच शिकलो नाही?
४. आपल्या श्रद्धेची मुळेही एखाद्या पिशवीत गुंतून राहिली आहेत का? ती कोण चिरू शकेल?

या आठवड्याची कृती

घरातील एका मुलाने आजी किंवा आजोबांबरोबर एक रोप लावावे किंवा जुन्या रोपाला आळे करावे. काय शिकायला मिळाले ते पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावे. टेबलासाठी नावे द्यायची असतील तर मिस्सानंतर धर्मशिक्षकांना भेटावे.

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हांला मातीपासून घडवलेस आणि तुझी बाग आमच्या हाती दिलीस. आमच्या आळसाने जे वाळले त्याबद्दल आम्हांला क्षमा कर. डोंगरावर राहणाऱ्या आमच्या बांधवांचे ज्ञान मान देऊन ऐकण्याची नम्रता आम्हांला दे. आमच्या दारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यात तुला ओळखू दे. आमच्या विहिरींना पाणी, आमच्या मुळांना माती आणि आमच्या हातांना काम दे. आमेन.